गच्चीवरच्या आरामखुर्चीवर टॉवेल जागेवर कसा ठेवायचा?

गच्चीकर (जळगाव)

मंडळी, प्रश्न किरकोळ आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या आणि मग उत्तर द्या.

उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून झालं की पडून राहायला दोन लांब आरामखुर्च्या आणल्यात. हॉटेलात पोहण्याच्या तलावाकाठी असतात तशा. लोखंडी पाइपाची चौकट, पाठ खाचांमध्ये अडकवून मागेपुढे करता येते, आणि मध्ये ताणून बसवलेली जाळी. जाळी दिवसभर तापते, दिवेलागणीलासुद्धा उघड्या पाठीला चटका देते. वर घाम आला की पाठीवर चौकड्यांची नक्षी उमटते ती वेगळीच. म्हणून टॉवेल टाकतो.

तो टॉवेल काही राहत नाही. जरा पडलं की पाठीखालचा सगळा कमरेखाली गोळा होतो आणि मानेला पुन्हा जाळी. पाणी प्यायला उठलो की राहिलेला वाऱ्याने उडून शेजाऱ्यांच्या सोलरवर. कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे लावून पाहिले; पाइप जाड, चिमट्याचं तोंड लहान, त्यामुळे नुसते टोकावर लटकतात आणि टपकन उडतात.

कोणी कायमचा उपाय केलाय का? खुर्च्या विकून बाज घ्या हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तो इथे पुन्हा नको.

शेवभाजी_जादा_तर्री

खुर्च्या विका, बाज घ्या.

(कोणीतरी म्हणणारच होतं. फुटलो.)

पांझराकाठ (धुळे)

जळगावकरांनी वाऱ्याच्या तक्रारी कराव्यात? आमच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांची रांग उभी केली आहे ती काय शोभेला? उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधलं तापीचं खोरं पश्चिमेला मोकळं. मे संपता संपता त्या तोंडातून वारा आत घुसला की गच्चीवर टॉवेल सोडा, खुर्चीच चालायला लागते.

उपाय सोपा आहे. स्टेशनरीच्या दुकानात फायलींना लावायचे मोठे काळे लोखंडी चिमटे मिळतात, सगळ्यात मोठा नंबर मागा. वर दोन, खाली दोन. विषय संपला.

गच्चीकर

@पांझराकाठ, ते पण आणले होते हो. धरतात चांगले. पण दुपारभर उन्हात राहिले की असे तापतात की संध्याकाळी काढताना बोटं भाजतात. आणि एक खांद्याजवळ येतो, तो टोचतो.

केळीबाग (रावेर)

दादा, तुम्ही जळगावात राहून चिमटे कसले शोधताय. ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे घ्या. वीतभर लांबीचा तुकडा, लांबीत एक चीर द्यायची. टॉवेल पाइपावरून मागे घडी करायचा आणि चिरलेली नळी वरून दाबून बसवायची. टॉवेल पाइप आणि नळीच्या मध्ये सापडतो. काळी नळी आहे, उन्हाला दाद देत नाही. आमच्या शेतावर मळ्यातल्या खाटेवर मच्छरदाणी अशीच लावतो.

फुकटात काम. भंगारात द्यायच्या आधी दोन वेटोळी बाजूला काढून ठेवायची.

शेवभाजी_जादा_तर्री

धाग्यात ठिबक आलं. आता केळीचा भाव येईल, मग कापसाचा, मग सरकार. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

फिटर_अमळनेर

@केळीबाग, कल्पना भारी आहे पण मापाचं बघा. ठिबकची नळी १६ किंवा २० मिलिमीटरची, बाहेरून. गच्चीकर म्हणतात पाइप जाड आहे, म्हणजे बहुधा एक इंची, २५ मिलिमीटर. त्यावर ठिबकची नळी चढवली तर ती पसरून सपाट होईल, पकडणार काय? मच्छरदाणीच्या बारीक गजाला चालते, कारण गज बारीक.

शेतीच्या पाइपांची मापं बाहेरच्या व्यासावर असतात हे लक्षात ठेवा. २५ चा पाइप २५ च्या नळीवर बसणारच नाही. ३२ चा घ्या, आतून साधारण २७-२८ भरतो. टॉवेलची जाडी मिळून नेमका घट्ट बसतो. नुसती चीर नका देऊ, लांबीभर घेराच्या एक तृतीयांश रुंदीची पट्टी कापून काढा, म्हणजे तोंड उघडं राहील आणि खटकन चढेल. कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर टॉवेलचे टाके ओढले जातात.

आणि पांढरा पीव्हीसी नको. उन्हाने कडक होतो, मग एक दिवस चढवताना कचकन तुटतो. काळा एचडीपीई घ्या. काळ्या रंगासाठी त्यात कार्बन असतो, तोच उन्हापासून वाचवतो.

केळीबाग (रावेर)

@फिटर, बरोबर. सबमेनचे (ठिबकच्या नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या जाड पाइपाचे) तुकडे म्हणायचं होतं असं समजा :)

आखाजीची_माहेरवाशीण

तुम्ही पुरुष मंडळी नळ्या-पाइप कापत बसा. ज्या बायका गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घालतात त्यांना विचारलंत का कोणी?

बिबड्यांचं धोतर खाटेवर पसरलं की मे महिन्यातला तोच वारा असतो. कापड उडालं तर कुटून, शिजवून, थापून केलेली सगळी मेहनत मातीत. आई कापडाच्या कोपऱ्यात एक गोटी एवढा खडा ठेवायची, त्याच्याभोवती कापड आवळायचं आणि खड्याच्या खालून सुतळी बांधायची. सुतळीचं दुसरं टोक खाटेच्या पायाला. खड्यामुळे सुतळी निसटत नाही आणि कापडाला भोक पाडावं लागत नाही. ताडपत्रीचं कडं तुटलं की शेतातही हेच करतात.

टॉवेलच्या चार कोपऱ्यांत चार खडे. पैसे शून्य, तापण्याचा प्रश्न नाही. खडा चौकटीच्या बाहेर लटकतो, टोचतही नाही.

तापीकाठ

ताई, हे फार आवडलं. अवांतर: बिबडे आता घरी कोण घालतं? आमच्याकडे विकत येतात. कच्चे तेल लावून, शेंगदाण्याबरोबर, अहाहा.

शेवभाजी_जादा_तर्री

बिबड्यावर लाल तिखट आणि कांदा पण हवा.

तापीकाठ

कांदा? बिबड्यावर? कोण आहात तुम्ही, कुठून आलात?

संपादक

बिबड्यांसाठी पाककृती विभाग आहे. कृपया धागा टॉवेलवर ठेवा आणि टॉवेल खुर्चीवर.

वाळवंटातला_खान्देशी (दुबई)

इथे हा प्रश्न रोजचा आहे. समुद्रकाठी आणि तलावाकाठी सगळीकडे याच खुर्च्या. बाजारात खास मोठ्या तोंडाचे प्लास्टिकचे चिमटे मिळतात, पोपट, खेकडा, केळं अशा आकाराचे. हो केळीबाग, केळं पण :) जोडीने विकतात, खुर्चीच्या वरच्या दोन कोपऱ्यांना लावायला. दिसतात खेळण्यासारखे पण तोंड चांगलं दोन इंच उघडतं. भारतात ऑनलाइन मिळतात, 'बीच टॉवेल क्लिप' शोधा.

दुसरा प्रकार, टॉवेललाच वरच्या बाजूला खिसा शिवलेला असतो. तो खुर्चीच्या पाठीवर टोपीसारखा घालायचा. वारा असो नसो, वरची बाजू हलत नाही.

आणि एक गंमत. युरोपातल्या सुट्टीच्या ठिकाणी जर्मन लोक पहाटे उठून चांगल्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेवतात आणि आरामात नाश्त्याला जातात, असा इंग्रजांचा जुना विनोद आहे. जर्मन म्हणतात इंग्रजच टाकतात. टॉवेल आहे म्हणजे खुर्ची आपली!

एसटीप्रेमी (चाळीसगाव)

यात जर्मनांचं काय कौतुक? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी धुळे स्टँडवर गाडी लागायच्या आत खिडकीतून टॉवेल, रुमाल, पिशवी, प्रसंगी लहान पोरगं आत टाकून जागा धरणारे आपण. तो टॉवेल कोणत्याही चिमट्याशिवाय जागेवर राहायचा, कारण त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

तापीकाठ

माझ्या काकांनी एकदा टाकलेला टॉवेल दुसऱ्याच गाडीत गेला. गाडी शिरपूरला, काका शहाद्याला.

शेवभाजी_जादा_तर्री

ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट)

पुणेकर_नाइलाजाने

मूळचा भडगावचा, सध्या पुण्यात. मला कळत नाही, मुळात टॉवेल हवाच कशाला? जाळीवर बादलीभर पाणी मारा, पाणी उडता उडता जाळी गार होते, झोपा. जाळीत हवा खेळावी म्हणून तर ती जाळी आहे. वरून टॉवेल टाकला की तो फायदाच गेला.

भुसावळ_लोको

@पुणेकर, मुद्दा चुकीचा नाही, पण खुर्ची लोखंडी आहे. रोज पाणी मारलं की जाळीच्या खोबणीत, स्क्रूपाशी पाणी साचतं आणि गंज आधी तिथून चढतो. रंग उडाला की मग जाळीवर तांबडे डाग, ते पाठीवर. अ‍ॅल्युमिनियमची असती तर चाललं असतं. आणि ओल्या जाळीवर उघड्या पाठीने झोपून तुम्ही पुण्यात राहू शकता, भुसावळात ४५ अंशाचा दिवस काढल्यावर अंगाला सुती कापडच लागतं, घाम टिपायला.

पुणेकर_नाइलाजाने

पुण्यातही आता उकडतं हो.

भुसावळ_लोको

४० झालं की तुम्ही बातम्यांत येता. आम्ही ४० ला स्वेटर काढतो. हलकेच घ्या.

निवृत्त_लिपिक

मी हा धागा सकाळपासून वाचतोय आणि मला एकच प्रश्न पडला आहे. साहेबांच्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल कधी घसरलेला पाहिलाय का कुणी? अख्ख्या महाराष्ट्रात, कोणत्याही कार्यालयात?

नाही ना. नोकरीभर मी तो टॉवेल लावलेला आहे, म्हणून सांगतो. नुसता टाकलेला कधीच नसतो. अर्धा पुढे, अर्धा मागे, आणि मागच्या बाजूला दोन नाड्या शिवलेल्या. त्या खुर्चीच्या पाठीमागे, कुणाला दिसणार नाहीत अशा बांधायच्या. घाईत असलो तर मागून सेफ्टी पिना. पण पिनांनी टॉवेलचे फासे ओढले जातात, महिन्यात चाळण होते. नाड्याच बऱ्या.

साहेबांची बदली झाली की टॉवेल आधी बदलायचा, फायली मग.

एसटीप्रेमी (चाळीसगाव)

वा! लिपिककाका, एक शंका. साहेब बदलले तर जुना टॉवेल कुठे जायचा?

निवृत्त_लिपिक

ते गोपनीय आहे.

रबरबँड

एवढं सगळं कशाला? किचनच्या खणात भांडी सरकू नयेत म्हणून अंथरतात ती भोकाभोकांची मऊ जाळी घ्या, टॉवेलच्या खाली टाका. सरकणं बंद. बाहेरून काही दिसत नाही, टोचत नाही. मी वापरतो.

पांझराकाठ (धुळे)

घरात वापरता का गच्चीवर? आमच्याकडे एका उन्हाळ्यात ती खुर्चीच्या जाळीला अशी चिकटली की सोलून काढावी लागली. टॉवेल निघाला, ती राहिली.

रबरबँड

घरात, गॅलरीत. ऊन येत नाही तिथे. उन्हात ठेवायची नाही हे खरं. संध्याकाळी टाका, रात्री काढा.

पांझराकाठ (धुळे)

रोज अंथरा-काढा करायचं तर मग टॉवेलच नीट करत बसावं की.

सायकलवाला_चोपडा

सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद गोल पट्टी, मोठी करायला दोन जोडायच्या, खुर्चीच्या पाठीभोवती टॉवेलवरून चढवायची. डोक्याच्या जागी. वर उशी टाकली की दिसत नाही. कॅरिअरला सिलिंडर बांधतो ती पकड.

आखाजीची_माहेरवाशीण

आणि पांढऱ्या टॉवेलवर काळा पट्टा कायमचा. धुवायला तुम्ही येणार आहात का दादा?

सायकलवाला_चोपडा

काळा टॉवेल घ्यायचा, ताई.

इंजिनीअर_पण_बेकार

लोहचुंबक! टॉवेलच्या काठात छोटी चुंबकं शिवून टाका. चौकट लोखंडी आहे म्हणतात ना? आपोआप चिकटतील. अ‍ॅल्युमिनियमवर नाही चालणार.

दवाखाना_शहादा

चालेल, पण घरात कोणाला पेसमेकर असेल तर ही कल्पना सोडा. तीव्र चुंबकं छातीपासून लांबच ठेवायची असतात आणि टॉवेलची वरची कड नेमकी तिथेच फिरते. लहान मुलं असतील तरीही नको. सुटून पडलेली छोटी चुंबकं मुलं गिळतात आणि एकापेक्षा जास्त गेली तर आतड्यात एकमेकांना ओढतात. ऑपरेशनपर्यंत जातं प्रकरण.

इंजिनीअर_पण_बेकार

बाप रे. मागे घेतो.

आबा_शिंदखेडा

कव्हाना वाची राह्यनू. टावेल नही सरकस भाऊ, तूच सरकस.

शेवभाजी_जादा_तर्री

आबा, मुजरा! धागा इथेच बंद करा.

भुसावळ_लोको

हसू नका, आबांनी एका ओळीत सगळं सांगितलं आहे: टॉवेल सरकत नाही, तूच सरकतोस. मी फक्त लांबवतो.

गच्चीकर, तुमची दुखणी दोन आहेत आणि इथे ती एकत्र कालवली गेली आहेत. एक वारा. तो टॉवेल रिकामा असताना उचलतो. त्याला फार जोर लागत नाही, कडा उचलल्या गेल्या नाहीत की झालं. खडे, चिमटे, नळी, काहीही चालेल.

दुसरं घसरणं, ते माणूस बसल्यावर. पाठ मागे टेकली की वजनाचा काही भाग उताराच्या दिशेने खाली ढकलत राहतो. बूड हळूहळू पुढे सरकतं. आता घामेजलेली पाठ आणि सुती टॉवेल यांची पकड घट्ट असते. टॉवेल आणि जाळी यांची कमी, कारण ती जाळी म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्यावर पीव्हीसीचा गुळगुळीत थर. दोन ठिकाणांपैकी जिथे पकड कमी तिथे घसरणार. म्हणजे टॉवेल तुमच्या बाजूने, खुर्चीच्या विरुद्ध. तुम्ही पुढे गेलात की तो तुमच्याबरोबर येतो. म्हणून कमरेखाली गोळा होतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. खालच्या, पायाकडच्या चिमट्यांचा घसरण्याला काडीचा उपयोग नाही, टॉवेल तिकडेच तर चालला आहे. सगळा ताण वरच्या कडेवर येतो. तिथे दोन कोपऱ्यांना दोन चिमटे लावले तर मधला भाग झोळीसारखा खाली येतो आणि कोपऱ्यांवर ओढ वाढते, मग निसटतात. वरची पूर्ण रुंदी धरली पाहिजे. वाळवंटातल्या भाऊंनी सांगितलेला खिसा किंवा फिटरची लांब नळी, हे दोनच उपाय त्या जातीचे आहेत. नळी लावायची तर वीतभराची नको, चौकटीच्या रुंदीएवढी एकच लावा.

दुसरी गोष्ट, बूड पुढे सरकायला नको असेल तर गुडघ्याखाली लोड घ्या. गुडघे वर आले की घसरणं बरंच कमी होतं, टॉवेल कसाही असो.

आबा_शिंदखेडा

तेच ते. मी थोडामा सांगं.

पुणेकर_नाइलाजाने

लोको, पटलं. एक भर घालतो. पाठ जेवढी कमी उभी तेवढं ढकलणं कमी, असंही नाही. पूर्ण आडवी केली तर काहीच सरकत नाही, पूर्ण उभी केली तर वजन सगळं सीटवर. मधल्या खाचेतच सगळा घोळ होतो, आणि आपण सगळे मधल्याच खाचेत बसतो.

गच्चीकर

मंडळी, एवढं ज्ञान मिळेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी शिंप्याकडे टॉवेल घेऊन जातो. लोको, खिसा किती खोल करू? आणि टॉवेल कोणता? घरात नेहमीचा ३० बाय ६० इंची आहे, खुर्ची त्याहून लांब.

आखाजीची_माहेरवाशीण

मी सांगते, शिवण माझा प्रांत.

१. नवा टॉवेल असेल तर आधी दोनदा धुवा, मग शिवा. सुती टॉवेल पहिल्या धुण्यात आटतो आणि खिसा चौकटीवर चढत नाही.

२. खिसा नऊ-दहा इंच खोल. कमी केला तर डोकं हललं की निघतो. टॉवेलचं वरचं टोक मागे दुमडायचं आणि दोन्ही बाजूंना शिवायचं. ६० तून नऊ गेले की ५१ उरतात. डोक्यापासून मांडीपर्यंत पुरतात, घाम तिथेच येतो. पायांना वेगळा टॉवेल टाका, तो घसरत नाही.

३. रुंदी मोजताना चौकटीची रुंदी, त्यात पाइपाची जाडी आणि वर एक इंच सैल. चौकट २४ इंच असेल तर खिसा आतून २६. तुमचा टॉवेल ३० चा, म्हणजे दोन्हीकडून दोन-दोन इंच आत शीव घ्यायला सांगा. मोकळा ठेवाल तर कोपऱ्याला गोळा होईल.

४. दुहेरी शिवण, नायलॉनचा दोरा. कोपऱ्यांवर आडवी मजबुती.

सोलापुरी टेरीचा जाड टॉवेल चालेल. पातळ पंचा नको, तो भिजला की अंगाला चिकटून वर गुंडाळला जातो.

केळीबाग (रावेर)

आणि पायाकडच्या दोन कोपऱ्यांत खडे बांधा, वाऱ्यासाठी. ताईंचा उपाय आणि खिसा, दोन्ही.

शेवभाजी_जादा_तर्री

समझोता झाला! मी केळीच्या भावाची वाट बघत होतो.

निवृत्त_लिपिक

खिशाच्या मागे दोन नाड्या पण लावून ठेवा. उगाच.

वाळवंटातला_खान्देशी (दुबई)

माझ्याकडच्या टॉवेलांना मागे एक लहान कप्पा असतो, मोबाइल आणि चष्म्यासाठी. शिंप्याला सांगत असाल तर तोही करून घ्या, खिशाच्या मागच्या अंगाला. फक्त मोबाइल उन्हात ठेवू नका, बंद पडतो.

गच्चीकर

आठवड्याने येतोय. खिसा शिवून घेतला. शिंप्याने आधी विचारलं की हे कोणत्या बाळाचं टोपरं आहे. मग खुर्चीचं सांगितलं तर त्याने मापं स्वतः मोजून घ्यायला माणूस पाठवला.

आता वरची बाजू जागची हलत नाही. मधल्या खाचेत बसलो तरी टॉवेल पाठीखाली ताठ राहतो. लोड गुडघ्याखाली घेतला तर अजूनच. खडे बांधले आहेत, सुतळीऐवजी जुन्या साडीचा काठ फाडून बांधला, कारण सुतळी पायाला घासत होती. वाऱ्यात एकदा उठून गेलो, टॉवेल फडफडला पण गेला नाही. मोबाइलचा कप्पाही केला आहे. त्यात आता तंबाखूची डबी असते, वडिलांची.

एक अडचण. पाठ एकदम सपाट केली की चौकटीचं वरचं टोक जमिनीपासून वीतभरच वर राहतं आणि खिशाचा मागचा भाग फरशीला टेकतो, धूळ लागते. पाणी मारलेली गच्ची असेल तर भिजतो.

आखाजीची_माहेरवाशीण

मागचा भाग पुढच्याएवढा ठेवायची गरज नव्हती. पुढच्या बाजूला नऊ इंच, मागे पाच-सहा इंच पुरतात, ताण पुढच्या बाजूने येतो. पुढच्या खेपेला तसं शिवा. आत्ताच्या टॉवेलला मागून एक घडी आत वळवून टाके घाला, दहा मिनिटांचं काम.

फिटर_अमळनेर

ताई, तुम्ही आमच्या वर्कशॉपला या.

एसटीप्रेमी (चाळीसगाव)

गच्चीकर, शिंप्याचं दुकान कोणत्या भागात? आमच्याकडच्याने 'खुर्चीला टॉवेल शिवायचा' म्हटल्यावर फोनच ठेवला.

गच्चीकर

दुकानाचं नाव इथे देत नाही, त्यांच्याकडे लग्नसराईची गर्दी आहे, शिव्या मला खाव्या लागतील. कोणत्याही उशी-गादीच्या खोळी शिवणाऱ्याकडे जा. कपडे शिवणारे नाही म्हणतात, खोळीवाले लगेच घेतात.

तापीकाठ

अवांतर पण जवळचं: अंगणातल्या लाकडी झोपाळ्यावरची गादी अशीच पुढे येते. टॉवेल नाही, गादी. खोळ कापडी आहे, फळीला पॉलिश. याला काय करावं?

भुसावळ_लोको

वेगळा धागा काढा. पण आधी झोपाळा किती उंच जातो ते लिहा, आणि त्यावर बसतं कोण, तुम्ही की नातवंडं.